मंडळीची (आमच्या चर्चची) जुनी रजिस्टरं, सोलापूर: कामाच्या नोंदी

अशा नोंदी आधी कुणाकडून मिळाल्या असत्या तर आमचा निम्मा वेळ वाचला असता, म्हणून लिहून ठेवतेय. ज्यांच्या चर्चच्या कपाटात बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची जुनी रजिस्टरं कसरीच्या हवाली पडली आहेत त्यांच्या उपयोगाला येतील. काम करणारे आम्ही चौघं: मी (शाळेत शिकवते, शनिवारी अर्धा दिवस मोकळी), मंडळीचे सेक्रेटरी काका, मिलमध्ये आयुष्य काढलेले अण्णा, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाचा एक पोरगा. नावं मुद्दाम देत नाही. का ते पुढं कळेल.

४ फेब्रुवारी २०२३

कारण साधं आहे. पुण्याहून, पिंपरीहून, कल्याणहून फोन येतो: "काका, आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे." साल विचारलं तर "असेल हो, युद्धाच्या सुमाराचं". काका कपाट उघडतात आणि तीन-तीन तास पानं उलटत बसतात. जानेवारीत असे नऊ फोन आले. रविवारी उपासनेला सत्तर-ऐंशी माणसं येतात. दाखले मागणारी त्याच्या कितीतरी पट, सगळी बाहेरगावी. गिरण्या चालू होत्या तेव्हा माणसं दाराबाहेर उभी राहायची म्हणतात. आता मागची सहा बाकं भिंतीला लावून ठेवलीत, त्यांच्यावरच आमचं काम चालणार.

एकूण ११ रजिस्टरं. सर्वांत जुनं १८८७चं. चर्च ज्या संस्थेखाली होतं तिचे शिक्के बदलत गेलेत: आधी अमेरिकन मराठी मिशन, १९२४ नंतर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. वही तीच, शिक्का नवा.

पाळकसाहेबांकडून (चर्चचे धर्मगुरू) लेखी परवानगी घेतली. बजेट ८,००० रुपये, सुगीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातले. त्यात एका कोंबड्याचेच ११०० आहेत, हे काका दर वेळी सांगतात.

११ फेब्रुवारी

पहिलीच चूक, आणि सर्वांत महाग. पोरानं घरचा सपाट स्कॅनर आणला. १९२७चं लग्नाचं रजिस्टर उघडून पालथं घातलं, झाकण दाबलं, आणि 'कट्' असा आवाज आला. पाठ तुटली. आतली शिवण आधीच कुजलेली होती, आम्ही तिला निमित्त दिलं. चाळीसेक पानं सुटी झाली. काका काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

बांधलेली वही सपाट स्कॅनरवर पालथी घालू नका. वही कधीच पूर्ण १८० अंशांत उघडू नका.

दुसरी चूक हातमोज्यांची. टीव्हीवर बघून पांढरे सुती हातमोजे आणले होते. कडा ठिसूळ झालेल्या, मोज्याचा धागा त्यात अडकतो आणि तुकडा हातात येतो. साबणानं हात धुऊन, कोरडे करून काम करा. मोजे आता काकूंच्या स्वयंपाकघरात गरम भांडी उतरवायला आहेत.

२५ फेब्रुवारी

गेला शनिवार सुताराकडे गेला. त्यानं प्लायवूडचा स्टँड केला: इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन तिरप्या फळ्या, त्यांवर फोमची गादी, वही त्यात निम्मी उघडी पडून राहते. वर मोबाइल अडकवायला लाकडी हात. पान सपाट दिसावं म्हणून वरून ५ मिलिमीटरची काच. पहिली काच दुसऱ्याच तासाला फुटली. दुसरी आणताना कडा घासून घेतल्या, हे पहिल्यांदाच करायला हवं होतं.

मोबाइल चालतो का? चालतो. फक्त हात लावून फोटो काढू नका, तीन सेकंदांचा टायमर लावा. "कागद सुंदर करा" छापाचं जे काही मोबाइलमध्ये असतं ते बंद ठेवा. पोराच्या अ‍ॅपनं पान पांढरंशुभ्र केलं आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या समासातल्या टिपा गिळून टाकल्या. ८८ फोटो परत काढले.

११ मार्च

उकाडा. पंखा लावला तर पानं उडतात, बंद केला तर आपण वितळतो. आज माझ्या कपाळाचा घामाचा थेंब १९११च्या पानावर पडला. जुनी टाकाची शाई, जागेवर तरंगली. टिपकागद टेकवला तोवर एका मुलीच्या नावाचा शेवटचा काना पसरला होता. नाव वाचता येतं. पण आता त्या पानावर मीही आहे.

उपाय: डोक्याला रुमाल, पहाटे सहा ते नऊ काम, आणि पंखा पाठीमागून जमिनीकडे तोंड करून.

१९९०च्या दशकात कुणीतरी चांगल्या मनानं चौदा पानं लॅमिनेट केली आहेत. आत कागद तपकिरी झाला आहे, दिव्याचा चकाकता डाग पडतो, आणि ते आता सोडवता येत नाही. दोन दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे लावून, कॅमेऱ्याच्या मागं काळं कापड धरून ती पानं कशीबशी घेतली. सेलोटेपचंही तेच. चिकटपट्टी लावणाऱ्याचा हात धरा.

१८ मार्च

अवकाळी पाऊस. बाकांवरचं कौल गळतं हे कुणाला माहीतच नव्हतं, कारण तिथं कुणी बसत नाही. रजिस्टरं सुखरूप, पोराचा लॅपटॉप भिजला. आज काम शून्य. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं.

२५ मार्च

फोटो संपत आले, आता नोंदी टाइप करायच्या. एक्सेलनं दोन शनिवार खाल्ले. तीन गोष्टी:

एक, एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख कळत नाही. १८८७ ते १८९९च्या सगळ्या तारखा नुसती अक्षरं म्हणून पडल्या. क्रम लावला तर आजोबा नातवाच्या नंतर जन्मलेले.

दोन, ३/४/१९३१ म्हणजे ३ एप्रिल. एक्सेलनं काही ठिकाणी ४ मार्च करून टाकलं, आणि ते दिसतही नाही, हा खरा घोटाळा. दिवस, महिना, साल असे तीन वेगळे रकाने करा.

तीन, देवनागरी आकडे एक्सेलला आकडे वाटत नाहीत. आकड्यांचे रकाने इंग्रजी आकड्यांत भरा, छापताना बदला.

आणि नावं! मार्था, मारथा, मार्थाबाई, मारता. एकच बाई चार वह्यांत चार रूपांत. आम्ही मूळ नाव जसंच्या तसं ठेवलं आणि शेजारी "शोधायचं नाव" असा जादा रकाना केला. मूळ कधी दुरुस्त करू नका. मी पहिल्या दोनशे नोंदींत शिक्षकी पेशाला जागून ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. सगळं पूर्ववत करायला एक शनिवार.

१ एप्रिल

धंद्याचा रकाना वाचायला गिरणीतलं माणूस लागतं. पोरगा एका नोंदीपाशी अडला: "बाई, धंदा 'त्रास' लिहिलाय. पुढं काहीतरी पुसट आहे."

अण्णा खिडकीपाशी बसले होते. हसून हसून त्यांना ठसका लागला. "त्रास न्हाई ओ, त्रासन. त्रासन खातं! सूत काततात ते. माझी आई तिथंच होती की."

मग त्यांनीच यादी सांगितली: साचेवाला म्हणजे मागावरचा, जॉबर म्हणजे मुकादम, बदली म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घेतलेला, नाईकीण म्हणजे बायकांवरची मुकादम. मी वहीत लिहून घेतली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली (डिंकानं नाही, पिननं). पुढं त्याच यादीनं शेकडो नोंदी सुटल्या. ज्या गावात हे काम कराल तिथला एक म्हातारा आधी गाठा, मग स्कॅनर.

खालच्या पानांवर रकाना हळूहळू बदलत जातो. साचेवाला, साचेवाला, जॉबर... मग शिक्षक, नर्स, रेल्वे. मग "मजुरी". मग "पुणे" असं नुसतं गावाचं नाव, जणू तोच धंदा.

८ एप्रिल

काम नाही. उद्या पुनरुत्थानाचा सण (ईस्टर), पहाटे कबरस्तानात उपासना, तिथलं गवत काढलं.

१५ एप्रिल

सर्वांत बारीक वही आज पूर्ण केली: बदली रजिस्टर. मंडळी सोडून जाणाऱ्याला पाळकाचं पत्र मिळायचं, त्याची नोंद. १९४८च्या अख्ख्या वर्षाचं अर्धं पान. ऑगस्ट १९४९च्या अखेरीस 'जुनी गिरणी' (सोलापुरातल्या एका मिलचं हे नावच) बंद पडली. पुढं जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि ते भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. हे शाळेत शिकवायला ठीक आहे. वहीत त्याचं एवढंच आहे की सप्टेंबरपासून तीन पानं भरली, अक्षर घाईचं झालं, आणि एका ठिकाणी पाळकांनी पत्रांचे कागद संपल्याचं समासात लिहून ठेवलंय. काही जण गिरणी परत सुरू झाल्यावर आले, त्यांच्या नावापुढं "परत" असा शेरा आहे. मोजले तर फार नाहीत.

२२ एप्रिल

आज कमिटीची बैठक. ही नोंद लांब होणार.

माझी योजना होती: सूची आणि फोटो इंटरनेटवर खुले ठेवायचे, म्हणजे पिंपरीचा माणूस घरबसल्या शोधेल, काकांचा वेळ वाचेल. पोरानं फुकटातली साइट तयारही केली होती. मी मोठ्या उत्साहानं दाखवली.

कमिटीतले एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "बाप्तिस्म्याच्या वहीत 'पूर्वीची जात' असा रकाना आहे. तो पण टाकणार?"

टाकला होता. इतके दिवस मीच टाइप करत होते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता, १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. आता आमच्याकडं अशी कितीतरी घरं आहेत की एका भावाचा बाप्तिस्मा झाला, दुसऱ्याचा नाही, आडनाव एक, नातवंडांची लग्नं इकडून तिकडं. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचे कागद लागतात. आमची वही त्यात एखाद्याच्या बाजूनं बोलेल, एखाद्याच्या विरुद्ध. काहींना तोच रकाना पुरावा म्हणून हवा असतो, तेही बैठकीत होते आणि तेही खरंच बोलत होते. तासभर आवाज चढत गेले.

मग राहण्याच्या ठिकाणाचा विषय निघाला. लग्नाच्या वहीत तो रकाना असतोच, आणि अनेकांपुढं एकच शब्द आहे: सेटलमेंट. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड ठेवलेली, हजेरी देऊन गिरणीत कामाला जाणारी माणसं. त्या वसाहतीच्या कामात मिशनही होतं. कायदा १९५२ला गेला. सोलापुरात आजही तो भाग सेटलमेंट म्हणूनच ओळखतात. तो शब्द मला इतिहास वाटला होता. समोर बसलेल्या दोघांना तो घरचा पत्ता होता.

ठरलं ते असं: सूचीत नाव, वडिलांचं नाव, साल, वही, पान एवढंच. जात, पत्ता, मृत्यूचं कारण, "वडील" रकाना कोरा असलेल्या नोंदी यांतलं काही नाही. इंटरनेटवर काहीही नाही. सूची एका मशीनवर आणि एक छापील प्रत. पानाचा फोटो फक्त त्या घरातल्या माणसाला, पाळकसाहेबांकडं लेखी अर्ज केल्यावर.

घरी येताना मी चिडलेली होते. इतक्या दिवसांचं टायपिंग पुसायचं होतं, त्याचा राग जास्त होता, हे दोन दिवसांनी कळलं.

२९ एप्रिल

पुसणं सोपं नसतं. रकाना मशीनवरून काढला. मग लक्षात आलं, एक प्रत पोराच्या ड्राइव्हवर, एक त्याच्या मोबाइलमध्ये, एक मी स्वतःला ईमेल केलेली. त्याहून वाईट: मार्चमध्ये मी "बघा किती सुंदर अक्षर!" म्हणून १९३४च्या लग्नाच्या वहीतलं एक पान मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं. सेटलमेंट स्पष्ट दिसतं.

आज त्या घरातल्या एकांचा फोन आला. रागावले नाहीत. इतकंच विचारलं, "ताई, ते पान कुणाकुणाकडं गेलं असंल?" ग्रुपमध्ये १६३ जण. मला उत्तर देता आलं नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी ठरवायची गोष्ट आम्ही बाराव्या आठवड्याला ठरवली. रजिस्टर उघडण्याआधी कमिटीत बसून रकाने एक-एक करून वाचा आणि कुठला कुणाला दाखवायचा ते लिहून घ्या. मोबाइलवर काढलेले फोटो आपोआप कुठं चढतात ते तपासा आणि बंद करा.

३ जून

मे महिना वाया. उकाडा, लग्नं, पोराची परीक्षा.

तपासणी केली. टाइप झालेल्यांतल्या कुठल्याही शंभर नोंदी काढून मूळ पानाशी ताडल्या: ११ चुकीच्या. फारच जास्त. एकटं बसून बघून-बघून टाइप करायची पद्धत बंद. आता एक जण मोठ्यानं वाचणार, दुसरा टाइप करणार, शेवटी दुसऱ्यानं परत वाचून दाखवायचं. वेग तासाला ३० नोंदींवर आला, पण पुढच्या शंभरात चुका ३. अण्णा वाचक म्हणून उत्तम, फक्त ओळखीचं नाव आलं की गाडी थांबते.

१७ जून

गुरुवारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, गावात दुसरा विषय नाही. ती एका क्षणात खाली बसली. अण्णांनी व्हिडिओ तीनदा बघितला आणि म्हणाले, "आमच्या मिलचा भोंगा बंद झाला तवा कुणी व्हिडिओ काढला न्हाई." मग गप्प. आज ४० नोंदीच झाल्या.

१९ ऑगस्ट

दफनाची वही. १९१८चा ऑक्टोबर आला, इन्फ्लुएंझाच्या साथीचा. बाकी महिन्यांना एक-दोन ओळी, इथं पानामागून पान, कारण तेच: ताप. एकाच घरातली चौघं. सारखं अक्षर मधेच बदलतं, म्हणजे लिहिणाराही पडला असावा, की फक्त रजेवर होता, देव जाणे. पोरगा म्हणाला, जरा थांबू या. थांबलो.

७ ऑक्टोबर

टायपिंग संपलं. बाप्तिस्मे ३,९१२, लग्नं १,०४६, दफनं २,२७१, बदल्या ५८३. एकूण ७,८१२ नोंदी, २,३१८ फोटो.

तुटलेलं १९२७चं रजिस्टर बाइंडरकडं दिलं होतं. पहिल्या बाइंडरनं "कडा समान करून देतो" म्हणून कटरखाली घालायची तयारी केली होती. काका तिथंच उभे होते म्हणून वाचलं, कारण सह्या थेट कडेपर्यंत गेल्यात. दुसऱ्यानं हातानं शिवून, खळ लावून दिलं. बाइंडरला "कापायचं नाही" हे कागदावर लिहून द्या आणि शक्य असेल तर स्टुलावर बसून राहा.

खर्च: स्टँड २,१५०. काचा दोन ९००. दिवे १,२४०. हार्ड डिस्क दोन ७,८०० (एक चर्चमध्ये, एक पाळकसाहेबांच्या घरी). बाइंडर ३,६००. सूची छापून बांधून २,८७०. ब्रश, कापड, पेट्या आणि ते हातमोजे १,४५०. एकूण २०,०१०. बजेट ८,०००. फरक पुण्याच्या मंडळीतल्या तीन घरांनी भरला. चहा धरलेला नाही.

२५ नोव्हेंबर

सूची दीड महिना वापरात आहे. दाखला शोधायला आता पाच मिनिटं, पण एकाच नावाचे तिघं निघाले तर वडिलांच्या नावावरून ठरवायला अजून काकाच लागतात.

एप्रिलमध्ये ज्यांचा फोन आला होता ते आज स्वतः आले, अर्ज घेऊन. १९३४चं तेच पान हवं होतं. काकांनी फोटो न देता वहीच स्टँडवर ठेवली आणि पान उघडून दिलं. उभ्यानंच वाचलं त्यांनी, बोट पानाला न लावता. आडनावात एक अक्षर चुकलेलं आहे, आजी तसं लावत नव्हती, म्हणाले. दुरुस्त करता येतं का?

काका म्हणाले, वहीत खोडता येत नाही. समासात आजच्या तारखेनं टीप लिहू शकतो, तुमच्या सहीनं.

त्यांनी पेन घेतलं. नवरीच्या सहीच्या जागी अंगठा आहे, जांभळा, थोडा फिरलेला. बराच वेळ तिकडं बघत राहिले आणि पेन परत दिलं.

"ऱ्हाऊ द्या. तिनं अंगठा लावलाय न्हवं."

अर्ज क्रमांक ४. वेळ २० मिनिटं. फोटोची प्रत पाकिटात घालून दिली.